पाचव्या पानावरचा शत्रू

प्रिय लेकीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेली तुझ्या कॉमिकची आठ पाने परवा हाती आली आणि मी ती आतापर्यंत तीनदा वाचली. समांतर पृथ्वीवर राहणारा, पोशाख कायमचा उतरवून ठेवलेला सुपरहिरो हा विषय तू निवडलास, याचा मला मनापासून आनंद झाला. पहिल्या चार पानांत तुझा हात कुठेही घाईला आलेला नाही. दुसऱ्या पानावर तो बरणीचे झाकण उघडताना काच फुटू नये म्हणून बोटांतला जोर मोजून मापून लावतो, ती चौकट तर मी बराच वेळ पाहत बसले. पाचव्या पानावर मात्र त्याचा जुना शत्रू तुरुंगातून सुटून येतो, आणि तिथून पुढची तीन पाने कोणीही काढली असती अशी झाली आहेत. तो शत्रू काढून टाक, एवढेच मला सांगायचे आहे. पण कारण न देता सांगितलेले तुला लहानपणापासून पटत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

निवृत्त सुपरहिरोला राहायला वेगळी पृथ्वी का लागते, याचा विचार आधी कर. मुख्य विश्वातला, म्हणजे नेहमीच्या मालिकेतला, नायक दर महिन्याला अंकात यावा लागतो, त्यामुळे त्याला वय वाढण्याची परवानगीच नसते. 1938 साली आलेला सुपरमॅन आजही तरुणच आहे. काळ पुढे सरकायचा असेल, लग्न, मूल, आजारपण, म्हातारपण यायचे असेल, तर ते दुसऱ्या पृथ्वीवर न्यावे लागते. म्हणजे पर्यायी विश्व ही या कथांची पळवाट आहे असे म्हणतात ते मला मान्य नाही. उलट नायकाला माणसासारखे जगू देणारी तेवढी एकच जागा आहे.

या सगळ्याचे मूळ 1961 सालच्या 'द फ्लॅश' या अतिवेगवान नायकाच्या कॉमिकच्या 123व्या अंकात आहे. गार्डनर फॉक्स यांनी लिहिलेल्या आणि कार्माइन इन्फंटिनो यांनी चितारलेल्या त्या कथेत बॅरी ॲलन हा नवा फ्लॅश आपल्या शरीराचा कंप वाढवता वाढवता कीस्टोन सिटी नावाच्या अनोळखी शहरात जाऊन पडतो. दोन पृथ्व्या एकाच जागी आहेत, केवळ त्यांच्या कंपनाची गती वेगळी असल्यामुळे त्या एकमेकींना दिसत नाहीत, अशी तिथली कल्पना आहे. आपण लहानपणी ज्याची कॉमिक्स वाचली तो जुना फ्लॅश, जे गॅरिक, इथे खरोखर राहतो, हे बॅरीच्या लक्षात येते आणि तो सरळ टेलिफोन डिरेक्टरीत त्याचा पत्ता शोधतो. दार उघडतो तो कानशिलांवर केस पिकलेला, जोन नावाच्या बायकोबरोबर संसार करणारा गृहस्थ. पुढे तीन खलनायकांशी व्हायची ती मारामारी होते, आणि ती मला आज आठवतही नाही. जगातला सर्वांत वेगवान माणूस इतर कोणाहीसारखा नाव, पत्ता आणि नंबर घेऊन डिरेक्टरीत बसला आहे, हे मात्र मी अजून विसरलेले नाही.

त्याच दुसऱ्या पृथ्वीवरच्या जस्टिस सोसायटी या सुपरहिरोंच्या गटाचे उदाहरणही ध्यानात ठेव. प्रत्यक्षात 1951 साली त्यांचे कॉमिक बंद झाले आणि त्याच्या जागी काउबॉयच्या गोष्टी आल्या. वाचकांना सुपरहिरो नकोसे झाले होते, एवढेच त्याचे कारण. पुढे 1979 सालच्या एका कथेत त्या निवृत्तीला कथेतले कारण दिले गेले: अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीने त्यांना मुखवटे काढून ओळख सांगण्याची आज्ञा केली आणि त्यांनी ती मानण्याऐवजी एकत्र काम करणेच थांबवले. निवृत्तीची किती कारणे असू शकतात पाहा! तुझ्या नायकाने पोशाख का उतरवला, हे तू चार पानांत कुठेच सांगितलेले नाहीस. सांगितलेच पाहिजे असा माझा हट्ट नाही, पण तुला स्वतःला ते ठाऊक असले पाहिजे.

आता माझ्या सर्वांत आवडत्या निवृत्ताकडे येते. 1998 साली 'व्हॉट इफ' या 'असे झाले असते तर' धर्तीच्या मालिकेच्या 105व्या अंकात टॉम डीफाल्को आणि रॉन फ्रेन्झ यांनी एक वेगळा पीटर पार्कर, म्हणजे स्पायडरमॅन, दाखवला. नॉर्मन ऑस्बोर्न या जुन्या शत्रूशी झालेल्या शेवटच्या झुंजीत त्याचा एक पाय गेलेला आहे, तो कृत्रिम पाय लावून चालतो, पोलिसांच्या न्यायवैद्यक विभागात काम करतो, आणि घरी बायको मेरी जेन आणि मे नावाची किशोरवयीन मुलगी आहे. मुलीच्या अंगात वडिलांच्या शक्ती जाग्या होतात. तो एकच अंक निघायचा होता, पण वाचकांनी त्याला असे उचलून धरले की पुढे त्या मुलीच्या मालिकेचे शंभर अंक झाले. त्या मालिकेत मुलगी रात्री खिडकीतून बाहेर पडते, तेव्हा मला तिच्या मारामारीपेक्षा तिच्या घराची काळजी वाटते. जो माणूस एके काळी इमारतींवरून झेपा घेत होता, तो जमिनीवर उभा राहून आपल्या लेकीची वाट पाहतो. ती कुठल्या संकटात असू शकते हे त्याला इतर कोणाही बापापेक्षा अधिक नेमके ठाऊक आहे, आणि तिच्यामागे धावण्यासाठी लागणारा पाय त्याच्याजवळ नाही.

हे मला इतके का लागते, ते तुला सांगायला नको. तुझे बाबा अग्निशमन दलातून निवृत्त झाले तेव्हा तू शिकायला बाहेर होतीस, त्यामुळे पहिले वर्ष तू पाहिलेले नाहीस. रात्री दूरवर बंबाची घंटा ऐकू आली की ते झोपेतच उठून बसत. दोन्ही पाय खाली सोडत, उजवा हात पलंगाखाली जिथे बूट असत तिथे जाई, आणि रिकाम्या फरशीला बोटे लागली की तसेच थांबत. घंटा कोणत्या दिशेने गेली, किती बंब आहेत, हे ते ऐकत राहत. मग दुखरा गुडघा हाताने उचलून परत वर ठेवत आणि काही न बोलता झोपत. मी जागी असे, पण जागी आहे असे मी त्यांना कधी कळू दिले नाही. एकाही रात्री कोणी शत्रू आला नाही, आणि तरीही त्या वर्षाइतके अवघड वर्ष आमच्या संसारात दुसरे आले नाही.

म्हणून म्हणते, शत्रू परत आणलास की तू तुझ्या नायकाची सुटका करतेस. त्याला पुन्हा काम मिळते, पुन्हा गरज मिळते, आणि निवृत्ती म्हणजे दोन लढायांमधली विश्रांती ठरते.

ॲलन मूर आणि कर्ट स्वान यांनी 1986 साली सुपरमॅनची जी अखेरची कथा रचली, तिच्यात तो मोह त्यांनी टाळला आहे. आपल्या हातून एक हत्या झाली, म्हणून सुपरमॅन स्वतः होऊन गोल्ड क्रिप्टोनाइटसमोर जातो आणि शक्ती कायमची गमावतो. दहा वर्षांनी एक पत्रकार सुपरमॅनच्या प्रेयसीची, लोइसची, मुलाखत घ्यायला येतो, तेव्हा तिचा मिशीवाला, मोटारी दुरुस्त करणारा नवरा कामावरून घरी येतो आणि सुपरमॅनला लोकांनी उगीच मोठे केले, असे मत देतो. हा नवराच सुपरमॅन आहे, हे पत्रकाराला कळत नाही. शेवटी त्यांचे तान्हे बाळ कोळशाचा तुकडा मुठीत दाबते आणि त्याचा हिरा होतो. बाप वाचकाकडे पाहून डोळा मिचकावतो, दार लावून घेतो. दहा वर्षांत त्याला कोणी हाक मारली नसेल असे नाही, पण ते दार आतून लागलेले आहे.

तुझ्या पाचव्या पानावर शत्रूऐवजी नुसती हाक येऊ दे. कोठेतरी पूल कोसळला, नव्या दमाचे कोणी तिकडे उडत गेले, आणि हा गच्चीवर उभा राहून ऐकतो आहे. त्याच्या कानांना मैलभरावरचे ऐकू येते हे तू पहिल्याच पानावर दाखवले आहेस, तर त्याचा उपयोग इथे कर. शब्दफुगे ठेवू नकोस. आणि त्याची बायको, जी चारही पानांत पाठमोरीच आहे, तिला एकदा समोरून काढ. ती जागी असते.

पाने परत पाठवते आहे. पेन्सिलीच्या खुणा हलक्या हाताने केल्या आहेत, त्या तुझ्या शाईला लागणार नाहीत. बाबांना मी ही पाने अजून दाखवलेली नाहीत. नवे पाचवे पान झाल्यावर दाखवावीत, की आताच, ते कळव.

तुझी,
आई