केंड हा विषारी मासा हातातून काढून घेणाऱ्या काकांना

नमस्कार काका,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय.

गेल्या मार्चमध्ये तारकर्लीला तुमची रापण, म्हणजे किनाऱ्यावर ओढून आणायचं ते मोठं जाळं, ओढून झाली होती. पेडवे, बांगडे टोपल्यांत गेले आणि काही मासे वाळूवर तसेच पडून राहिले. त्यातला एक मी उचलला. अंगावर खवले नाहीत, पाठ खरखरीत, पोट टम्म. मला वाटलं, गाबोळीने, म्हणजे अंड्यांनी भरलाय. आमच्याकडे गाबोळीच्या तुकड्यावरून अजूनही रुसवेफुगवे होतात. भाड्याच्या खोलीत शेगडी होती, तवा होता. पिशवीत टाकणार तेवढ्यात तुम्ही धावत आलात. "ताईनू, टाका तो! केंड तो. इखारी आसा."

मला जरा रागच आला होता, खरं सांगते. तुम्ही मात्र शांतपणे त्याचं तोंड उघडून माझ्या मुलीला दात दाखवलेत. वर दोन, खाली दोन, जुळून पोपटाच्या चोचीसारखे झालेले. मग त्याच दातांनी कातरलेले जाळ्याचे आस, म्हणजे धाग्यांचे चौकोन, दाखवलेत. तेवढ्यात त्याने फुस्सकन हवा सोडली आणि पोट चपटं झालं. गाबोळी कसली, हवा होती ती! पाण्यात असता तर पाणी गिळून असाच फुगला असता. त्याला बरगड्याच नसतात, म्हणून पोट एवढं ताणता येतं.

घरी येऊन वाचत बसले आणि हातपाय गार पडले. विष सगळ्यात जास्त असतं ते त्याच्या काळजात, म्हणजे यकृतात, आणि गाबोळीत. म्हणजे मी जे आधी तव्यावर टाकलं असतं, तेच. टेट्रोडोटॉक्सिन नावाचं हे विष उकळून जात नाही, तळूनही जात नाही. ते मुळात जिवाणू तयार करतात आणि खाण्यातून माशाच्या अंगात साठतं. केंडाच्या नसांवर त्याचा परिणाम होत नाही, आपल्या नसांमधून संदेश जाणंच बंद होतं. आधी ओठ आणि जीभ बधिर, मग हातपाय लुळे, शेवटी श्वास. माणूस बऱ्याचदा शुद्धीवर असतो, फक्त बोलता येत नाही. उतारा नाही. विष लघवीवाटे बाहेर पडेपर्यंत व्हेंटिलेटरवर श्वास चालू ठेवायचा, एवढंच डॉक्टरांच्या हातात.

जपानात याच कुळातले मासे परवानाधारक आचारी रांधतात. काबुकी या तिथल्या पारंपरिक नाट्यप्रकारातले नामवंत नट बांदो मित्सुगोरो १९७५ मध्ये क्योटोत अशा माशाच्या काळजाचे चार वाढप खाऊन दगावले. पुढे तिथे काळीज वाढायलाच बंदी आली. आणि मी, बाजारातून पापलेट आणणारी बाई, तो घरच्या विळीवर कापायला निघाले होते. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, काका. पहिला तुकडा नेहमी तिला मिळतो.

तुम्ही वर दोन बांगडे पिशवीत टाकलेत आणि पैसे घेतले नाहीत. त्या वेळी मी नुसतं "थँक्यू" म्हणून निघाले. ते पुरेसं नव्हतं. आज मनापासून म्हणते, तुमचे फार उपकार आहेत आमच्यावर.

डिसेंबरात पुन्हा येतोय. सकाळी लवकर किनाऱ्यावर येऊ, रापणीच्या दोरीला आम्हीही हात लावू.

तुमची,
पिशवीवाली ताई