आमच्या उत्खनन शिबिरातील माणसे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र छावणीवरच मिळाले. विद्यापीठाचे हे उन्हाळी शिबिर नेमके चालवते कोण, असे तू विचारले आहेस. कागदोपत्री संचालक मी आहे. पण ज्यांच्या हातांवर हे काम उभे आहे, त्यांच्याविषयी मला सविस्तर लिहावेसे वाटते.

सर्वांत आधी आमचे आबा. घोड नदीकाठच्या इनामगावी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले, तेव्हा अखेरच्या हंगामांत आबा पोरसवदा वयात तेथे मातीची घमेली वाहत होते. तेथील ताम्रपाषाणयुगीन घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफने सापडली. दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे पुरलेले. असा कुंभ उघडा करताना टिकाव कधी ठेवायचा आणि ब्रश कधी घ्यायचा, हे आबा तेव्हाच शिकले.

परवा सकाळी एक विद्यार्थिनी भराभर माती काढत असताना आबा म्हणाले, "थांबा ताई, माती बदलली." मला काहीच फरक दिसत नव्हता. त्यांनी हाताने हलकेच पाणी शिंपडले, आम्ही थोडे थांबलो, आणि पिवळसर जमिनीवर राखाडी मातीचे एक स्पष्ट वर्तुळ उमटले. तो नंतरच्या काळातील लोकांनी वरच्या थरातून खाली खणलेला जुना खड्डा होता. त्यातील खापरे आजूबाजूच्या मातीतील खापरांत मिसळली असती, तर नंतरच्या काळातील भांडी आम्ही आधीच्या काळातील समजून बसलो असतो.

खापरांचे अंगण सांभाळणाऱ्या मावशींचाही मला फार आधार आहे. त्या प्रत्येक पिशवीत एक आणि पिशवीबाहेर एक अशा दोन चिठ्ठ्या घालतात, आणि त्याही पेन्सिलीनेच लिहिलेल्या. मी विद्यार्थी असताना एका शिबिरात अवकाळी पावसाने चिठ्ठ्यांवरची शाई धुऊन गेली आणि दोन पोती खापरे कोणत्या खड्ड्यातील, कोणत्या थरातील, हे कायमचे कळेनासे झाले. ती पोती अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

आराखडे काढणारे आणि छायाचित्रकार दोघेही कामात चोख आहेत. आचारी मामा पहाटे चारला चूल पेटवतात, म्हणून आम्ही सहाला खड्ड्यावर असतो आणि ऊन चढण्याआधी पाच तास काम होते.

एक मागणे आहे. मी विद्यार्थी असतानाच्या त्या शिबिराच्या अहवालात खणणाऱ्यांचा उल्लेख 'स्थानिक मजूर' एवढाच होता, आणि ते मला आजही बोचते. आमच्या अहवालाचा मसुदा पावसाळ्यात तुझ्याकडे भाषा तपासायला येईल. त्यात प्रत्येक खड्ड्याच्या वर्णनाशेजारी तो खणणाऱ्याचे पूर्ण नाव असेल. जागा वाचवण्यासाठी दुसरे काहीही कमी कर, पण ती नावे तशीच राहू दे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
बालमित्र