चिऊला, रविवारच्या फोननंतर

चिऊ,

रविवारी तू फोन ठेवलास ते बरंच झालं, नाहीतर मी अजून काहीतरी बोलून बसले असते. "ते ड्यूकचे रोमान्स वाचून वाचून तू वकील झालीयेस" म्हणालीस. वाचते मी. तूच तुझं जुनं किंडल इथे टाकून गेलीस, सगळा व्हिक्टोरियन माल भरलेला. बाबा घोरायला लागले की दोन प्रकरणं सहज होतात. फ्लॅटचा विषय या पत्रात काढणार नाहीये, आधीच सांगते.

तर त्या नायिका. मताच्या हक्कासाठी पत्रकं वाटतात, ड्यूकला तोंडावर सुनावतात की लग्न नाही करणार, केलं की माझं सगळं तुझं होईल. ते खोटं नव्हतं गं. इंग्लंडात १८७० च्या कायद्याने बायकोला तिची स्वतःची कमाई ठेवता यायला लागली, पण बाकीची मालमत्ता पूर्ण तिच्या नावावर राहायला १८८२ उजाडलं. मला आवडतात त्या पोरी, पण एक खटकतं. श्रीमंताच्या लेकीला याची भीती सगळ्यात कमी, तिचा बाप लग्नाआधीच वकील बसवून तिचे पैसे ट्रस्टमध्ये अडकवून ठेवायचा. मरण होतं ते गिरणीत जाणाऱ्या बाईचं, नवऱ्याने तिचा पगार दारूत घातला तरी कोर्ट तिचं ऐकायचं नाही. आणि ती बाई कादंबरीत कुठे, तर फार तर नायिकेची कॉर्सेट आवळायला.

कॅरोलाइन नॉर्टन ही तिथली लेखिका मात्र खरीखुरी. नवऱ्याने तिन्ही मुलगे तोडले आणि ती लिहून जे कमवायची त्यावरही हक्क सांगितला. मुलांच्या ताब्याचा १८३९ चा कायदा आला तो तिच्या खटपटीमुळे. तिच्याबद्दल वाचताना मला सारखी बेबीआत्या दिसत होती, शाळेतून पगाराचं पाकीट आणायची ते न उघडता आतोबांच्या हातात, आणि मग रिक्षाला पैसे मागायची वेळ आली की माझ्याकडे बघायची नाही. तुझी ती निळी सायकल तिने कशी घेतली ते तुला कधी सांगितलं नाही आम्ही. असो.

तू दर महिन्याला निम्मा हप्ता भरतेस आणि कागदावर नाव एकट्या सौरभचं.

बघ, काढलाच. मग आता पूर्ण ऐक. तुझ्या मँचेस्टरकडचीच एलिझाबेथ वोल्स्टनहोम, बायकांच्या मालमत्तेच्या कायद्यासाठी ती आणि लिडिया बेकर वर्षानुवर्षं झगडल्या. लग्नाचा कायदाच अन्यायाचा म्हणून ती बेन एल्मीबरोबर लग्नाशिवाय राहिली. दिवस गेले तेव्हा चळवळीतल्याच लोकांनी चळवळीची बदनामी होईल म्हणून मागे लागून लागून १८७४ मध्ये लग्न करायला लावलं. हिच्यावर लिहा की रोमान्स! पण तिचं गणित बरोबर होतं, तेव्हा लग्न केलं की बाईचं जायचं. आता तुमच्याकडे उलटं झालंय, लग्नाशिवाय कितीही वर्षं एकत्र राहा, नुसत्या राहण्याने घरात हक्क मिळत नाही. तू म्हणालीस इतकी वर्षं झाली की आपोआप मिळतो. नाही मिळत, इंग्लंडात तसा कायदाच नाही. लग्न कर म्हणत नाहीये मी, बाबा म्हणतात ते त्यांचं ते बघतील. सौरभ चांगलाच आहे, मला भाकरी करून घालतो आणि जमते पण त्याला. आतोबा पण चांगलेच होते, सगळे म्हणायचे.

सॉरी. लेक्चर झालं, आणि सौरभला त्यांच्या पंगतीला बसवायला नको होतं.

एज्युकेशन लोनचा शेवटचा हप्ता तू तिथून पाठवलास तेव्हा बँकेत मी त्या क्लार्कला उगाचच सांगितलं, मुलीने भरलं, एकटीने. त्याने मान वर करून पाहिलं पण नाही, तरी दुसऱ्या काउंटरवर जाऊन परत सांगितलं. तू एवढी सगळी हिशेबाची पक्की, आणि इथेच कसं म्हणतेस की कागदाने काय होतं?

डिक्लरेशन ऑफ ट्रस्ट म्हणून एक कागद असतो, कोणाचा किती वाटा ते त्यात लिहितात. सौरभला तूच सांग, मी सांगितलं तर वेगळं वाटेल. भाजणी नि मेतकूट रेवाच्या सासूबरोबर पाठवलंय, पंधरा तारखेला येतायत त्या.

आई

ता. क. वकिलाची फी मी भरते. पौंडात किती ते कळव, बाबांना नको.