विमान बांधणारा दिसला, सांभाळणारा दिसला नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला हौशी विमानबांधणीवरचा, म्हणजे हौसेखातर स्वतःच छोटं विमान बांधणाऱ्या माणसांवरचा लेख वाचला. कालचा दिवस त्याच विचारात गेला, म्हणून आज लिहायला बसलो. लेखकांनी दोन विधानं ठामपणे केली आहेत. ही विमानं स्वस्तात पडतात आणि त्यांची कुणीही तपासणी करत नाही. मी सांगलीचा, पण गेली बरीच वर्षं अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो आणि अशाच एका दोन आसनी विमानाचा मालक आहे. ही दोन्ही विधानं चुकीची आहेत, हे नम्रपणे पण स्पष्टपणे सांगायला हवं.

आधी तपासणीचं. विमानाचा निम्म्याहून जास्त भाग हौशी माणसांनी स्वतः बांधलेला असेल, तरच ते हौशी बांधणीच्या वर्गात धरलं जातं. पहिल्या उड्डाणाआधी एफएएचा, म्हणजे अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियामक संस्थेचा अधिकारी किंवा त्यांनी नेमलेला प्रतिनिधी विमान बघतो, बांधणीच्या नोंदी आणि फोटो बघतो, मगच प्रमाणपत्र देतो. त्यानंतर ठरवून दिलेल्या हद्दीतच चाचणी उड्डाणं करायची. इंजिन आणि प्रोपेलरची जोडी प्रमाणित असेल तर साधारणपणे २५ तास, नसेल तर ४०. तोवर सोबत प्रवासी घ्यायचा नाही. पुढे प्रवासी बसवता येतो, पण हे विमान हौशी माणसांनी बांधलेलं आहे आणि कारखान्यातल्या विमानांचे सुरक्षा नियम ते पाळत नाही, ही पाटी त्याला समोर दिसेल अशी लावावीच लागते. आणि दर १२ महिन्यांनी पूर्ण तपासणी. ती झाल्याची सही लॉगबुकात नसेल तर विमान उडवता येत नाही. याला 'कुणी विचारत नाही' असं म्हणणं अन्यायाचं आहे.

या विमानांना अपघात जास्त होतात, हा लेखातला मुद्दा मात्र मी नाकारणार नाही. अपघातांचा तपास करणाऱ्या अमेरिकेच्या एनटीएसबी या सरकारी संस्थेने २०१२ मध्ये या विमानांचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी विमानांच्या ताफ्यात त्यांचा वाटा सुमारे १० टक्के होता, पण २०११ च्या जीवघेण्या अपघातांत तो २१ टक्के निघाला. हे वाईट आहे आणि आम्हा मालकांना ते मान्य करावंच लागेल. पण त्याच अहवालातली दुसरी गोष्ट लेखकांनी का वगळली? त्या वर्षी अपघात झालेल्या या वर्गातल्या विमानांपैकी निम्म्याहून जास्त विमानं सध्याच्या मालकाने बांधलेली नव्हती, वापरलेली विकत घेतलेली होती. माझ्या मते सगळा प्रश्न इथे आहे. विमान विकलं जातं, बांधणाऱ्याच्या डोक्यातली माहिती विकली जात नाही.

लेखकांनी ज्यांचं उदाहरण दिलं, त्या गायक जॉन डेन्व्हर यांचा अपघातही नीट वाचला तर हेच सांगतो. १२ ऑक्टोबर १९९७ ला कॅलिफोर्नियात मॉन्टेरेच्या समुद्रात त्यांचं लाँग-ईझेड हे हौशी बांधणीचं विमान कोसळलं. विमान त्यांनी बांधलेलं नव्हतं, नुकतंच विकत घेतलं होतं. या विमानाचे रचनाकार बर्ट रुटान यांच्या मूळ आराखड्यात इंधनाची टाकी बदलायची मूठ वैमानिकाच्या हाताशी होती. बांधणाऱ्याने ती मागे, डाव्या खांद्याच्या पलीकडे नेली. कॉकपिटमधून इंधनाची नळी जाऊ नये, हा त्याचा विचार. मुठीवर खुणा नव्हत्या. त्या दिवशी उड्डाणाआधी डेन्व्हर आणि एका मेकॅनिकने त्या मुठीला पक्कड लावून हात पोचतो का तेही पाहिलं, जमलं नाही. मागे बसवलेल्या मापकांवर इंधनाची पातळी दिसावी म्हणून मेकॅनिकने त्यांना छोटा आरसा दिला. पुढे हवेत ती मूठ फिरवण्याच्या प्रयत्नात विमानाचा ताबा सुटला आणि त्यांचा जीव गेला, ते आपण छापलंच आहे. ज्याने ती मूठ तिथे बसवली, त्याला तिची सवय असणार. दुसऱ्याला नव्हती.

आता माझं सांगतो, कारण हे सगळं मी भोगलं आहे. माझं विमान बांधणाऱ्या गृहस्थांना मी कधी भेटलो नाही. ते वारल्यावर विमान एका दुसऱ्या माणसाकडे गेलं आणि त्याच्याकडून माझ्याकडे आलं. लॉगबुकाचा पहिला भाग वाचताना मन भरून येतं. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, प्रत्येक बदललेली नळी, कोणता नट किती ताकदीने आवळला, सगळं सुवाच्य अक्षरात. त्यानंतरच्या मालकाच्या काळात दरवर्षी एकच ओळ: तपासणी केली, विमान सुरक्षित आहे. कशाची तपासणी, काय सापडलं, काय बदललं, एक अक्षर नाही. मधल्या काळात कुणीतरी एक मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी पुरवणारं यंत्र) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं होतं आणि त्याचा वायरिंगचा नकाशा कुठेच नव्हता. पॅनलच्या मागे सगळ्या वायरी पांढऱ्या, एकीवरही नाव नाही. बैठकीखालचा पत्रा उघडला तेव्हा इंधनाची ॲल्युमिनियमची नळी एका ब्रॅकेटला घासून एका बाजूने चपटी झालेली दिसली. तिथे नळी घासू नये म्हणून रबरी बुश असायला हवा होता. ही नळी हवेत फुटली असती तर इंधन थेट पायाखाली सांडलं असतं. एका ओळीत 'सुरक्षित आहे' लिहिणाऱ्याने तो पत्रा उघडलाच नव्हता, असं माझं स्पष्ट मत आहे.

बांधणाऱ्याला स्वतःच्या विमानाची वार्षिक तपासणी करून सही करण्याचा खास परवाना मिळू शकतो. तो त्या माणसाला असतो, विमानाबरोबर पुढच्या मालकाला मिळत नाही. मी माझ्या विमानाचं प्लग बदलण्यापासून इंजिन उतरवण्यापर्यंत कोणतंही काम कायदेशीरपणे करू शकतो, पण तपासणीचा परवाना माझ्याकडे नसल्याने वर्षातून एकदा परवानाधारक मेकॅनिकची सही लागते. आमच्या विमानतळावरच्या दुरुस्ती दुकानाने फोनवर होकार दिला, विमान ठेवून घेतलं, काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं आवरण, काढून ठेवलं आणि काही आठवड्यांनी कळवलं की असली विमानं आम्ही घेत नाही. वर जागेचं भाडं लावलं. कारण विचारलं तर उत्तर एकच, 'कुणी काय बांधलंय आम्हाला काय माहीत!' त्यांची भीती मला समजते. पण मग पहिल्या दिवशी नाही का म्हटलं? उघड्या इंजिनाचं विमान बाहेर हलवायला मला दोन मित्र बोलवावे लागले. तो अपमान मी विसरलेलो नाही.

शेवटी शेजारच्या गावातले एक वयस्कर मेकॅनिक तयार झाले. त्यांची अट होती की एकूण एक झाकण उघडायचं, नळ्या-वायरींचा नकाशा मी स्वतः काढायचा आणि ते शेजारी बसून बघणार. ईएए या हौशी विमानबांधणाऱ्यांच्या संस्थेचे एक स्वयंसेवक सल्लागार हँगरमध्ये येऊन बघून गेले, पैसे घेतले नाहीत. ही संस्था १९५३ मध्ये स्थापन झाली. आपल्या लेखात तिचा उल्लेख फक्त ऑशकॉश गावी दरवर्षी भरणाऱ्या तिच्या विमानांच्या जत्रेपुरता आला, याचं फार वाईट वाटलं.

स्वस्ताईचंही इथेच कळतं. ही विमानं स्वस्त पडतात ती मालक स्वतःचे हात आणि शनिवार-रविवार त्यात घालतो म्हणून. ज्याला ते जमत नाही, त्याला तासावर पैसे घेणारा मेकॅनिक लागतो आणि त्या मेकॅनिकला आधी हे एकमेव विमान समजून घ्यावं लागतं. शिवाय हँगरचं भाडं आहे, विमा आहे. विमा कंपनीने मला त्याच जातीच्या विमानात प्रशिक्षकाबरोबर तास पूर्ण केल्याशिवाय एकट्याने उडू दिलं नाही, आणि ते योग्यच केलं.

महाराष्ट्रातल्या वाचकांशी याचा काय संबंध, असं कुणी विचारेल. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं. २०१६ मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलात 'मेक इन इंडिया' सप्ताहात मांडलं गेलं, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. आपण त्याच्या बातम्या प्रेमाने छापल्या, मीही इथे मित्रांना अभिमानाने वाचून दाखवल्या. पण गच्ची आणि धावपट्टी यांच्या पुढे कुणाची बातमी गेली नाही. अशा विमानाची वार्षिक तपासणी कुणी करायची, सही कुणाची, बांधणाऱ्याने ते विकलं तर नव्या मालकाला काय काय सोपवायचं, हे प्रश्न एका तरी पत्रकाराने विचारावेत. उद्या पुण्यात किंवा बारामतीत एखाद्या मुलीने सुट्या भागांचं किट मागवून विमान बांधलं, तर वीस वर्षांनी ते चालवणाऱ्याचा जीव या उत्तरांवर असेल.

जाता जाता फोटोबद्दल. लेखासोबत 'घरी बनवलेले विमान' म्हणून छापलेलं विमान सेसना १७२ आहे. ते कारखान्यात बनतं, १९५६ मध्ये बाजारात आलं आणि जगात सर्वांत जास्त संख्येने बनलेलं विमान आहे. कोणत्याही फ्लाइंग क्लबच्या विद्यार्थ्याने ते ओळखलं असतं. छापण्याआधी एकाला दाखवायचं होतं. याआधीही हेलिकॉप्टरच्या अपघाताच्या बातमीत दुसऱ्याच हेलिकॉप्टरचा फोटो आला होता, तेव्हाही मी पत्र पाठवलं होतं, ते छापलं गेलं नाही आणि दुरुस्तीही आली नाही. या वेळी फोटोची दुरुस्ती आणि तपासणीबद्दलच्या विधानाचा खुलासा येत्या रविवारी त्याच पुरवणीत, त्याच पानावर यावा, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक
(ओहायो, अमेरिका, मूळ गाव सांगली)