सूचना : फेरफटक्याला निघण्याआधी

सभासदहो, उन्हाचे दिवस आहेत. आपल्या लाडक्या कुत्र्यांना घेऊन निघताना एवढं नक्की पाहा.

वेळ भल्या सकाळची ठेवा. संध्याकाळी हवा गार झाली तरी डांबर बराच वेळ तापलेलं राहतं. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर ७ सेकंद टेकवा. चटक्यामुळे उचलावी लागली तर पंजांनाही तो रस्ता नको.

हार्नेसखाली (छातीभोवती बांधायच्या पट्ट्याखाली) दोन बोटं सहज जावीत, त्याहून सैल नको. कुत्रा दचकून मागे सरकला की सैल हार्नेस डोक्यावरून निसटतो. घरातच समोरून हलकेच ओढून खात्री करा. लांबत जाणारा पट्टा घोळक्यात पायांत गुंततो, म्हणून दीड-दोन मीटरचा साधाच आणा.

गाडी लागत असेल तर खाणं ३-४ तास आधी, पाणी मात्र तोडू नका. बंद गाडीत पाच मिनिटंही एकटं सोडू नका. काच थोडी खाली केल्याने फारसा फरक पडत नाही.

पग, बुलडॉग यांना छोटी फेरी पुरे. अंग थंड ठेवायला कुत्र्याची भिस्त धापा टाकण्यावर, आणि चपट्या नाकातून तेच नीट जमत नाही. जीभ गडद लाल, लाळ चिकट, चाल अडखळती दिसली की लगेच सावलीत न्या. साध्या गार पाण्याने अंग, विशेषतः पोट आणि जांघा, भिजवत राहा, वारा घाला आणि डॉक्टरांकडे निघा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, उष्णता आत कोंडते.

परतल्यावर कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधा. सापडल्यास चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल लावू नका.