आग लावण्याआधी भाच्याला विचारावे लागते

युएंडुमू, नॉर्दर्न टेरिटरी, ऑस्ट्रेलिया
३ ऑगस्ट

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र हाती पडले तेव्हा मी गाडीखाली उताणा पडून तारेच्या आकड्याने स्पिनिफेक्स गवताच्या काड्या ओरबाडून काढत होतो. या गवतात राळ असते. सायलेन्सरच्या आसपास त्याचा गुंता साचला की तो तापून पेट घेतो, आणि एवढ्याशा आळसापायी या वाळवंटात चांगल्या गाड्या जळून गेल्या आहेत. तू विचारले आहेस की येथल्या आदिवासी रेंजरांचा समन्वयक म्हणून मी नेमके करतो काय. गाडीखालचे गवत काढतो, हे पहिले उत्तर. दुसरे जरा लांब आहे, पण गडचिरोलीत ग्रामसभांच्या बैठकांत रात्र-रात्र बसणाऱ्या तुझ्यासारख्याला ते पटकन समजेल.

अ‍ॅलिस स्प्रिंग्जपासून वायव्येला सुमारे तीनशे किलोमीटरवर हे गाव आहे. १९४६ मध्ये सरकारने शिधावाटपाचे ठाणे म्हणून ते वसवले आणि तानामी वाळवंटात विखुरलेली वार्लपिरी या आदिवासी जमातीची माणसे येथे एकत्र आणली. १९७६ च्या भूमिहक्क कायद्यानंतर जमिनी कागदोपत्री त्यांच्याकडे परत आल्या, आणि २०१२ मध्ये त्यांनी आपणहून दक्षिण तानामी हे संरक्षित क्षेत्र जाहीर केले. त्याचा विस्तार सुमारे एक कोटी हेक्टर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा जवळजवळ तिसरा हिस्सा. तेवढ्या मुलखाची देखभाल येथले मूठभर रेंजर करतात. हे रेंजर म्हणजे आपल्याकडचे खाकीतले वनरक्षक समजू नकोस. ते स्वतःच्याच आजोबांच्या जमिनीवर पगारी काम करतात. मी त्यांचा साहेब नाही. गाड्या, डिझेल, पाणी, सॅटेलाइट फोन, पगाराचे तक्ते आणि अहवाल एवढे माझ्याकडे आहे. कोठे जायचे आणि काय जाळायचे, हे ठरवणे माझ्या हातात नाही, आणि हे कळायला मला एक फजिती व्हावी लागली.

त्याआधी नात्यांचे सांगतो. येथे माणसाचे नाते आठ गटांत बांधलेले असते. त्या गटांची पुरुषांची नावे 'ज' ने सुरू होतात आणि बायकांची 'न' ने. परक्यालाही नाते नसेल तर त्याच्याशी वागायचे कसे हे कोणाला कळत नाही, म्हणून पहिल्याच महिन्यात एका वृद्धाने मला 'जांगाला' करून टाकले. (हस. जंगलखात्याच्या परीक्षेत दोनदा नापास झालेल्या माणसाला अखेर हे नाव मिळाले.) जांगाला झाल्यामुळे गावातली प्रत्येक 'नाकामारा' माझी सासू झाली, आणि सासू-जावयाने एकमेकांसमोर बसायचे नाही, बोलायचे नाही, असा येथला कडक रिवाज आहे. आमच्या उत्तम माग काढणाऱ्या बायकांपैकी दोघी नाकामारा आहेत. त्यामुळे सकाळी कोण कोणत्या गाडीत बसणार हे जुळवण्यात माझा जो वेळ जातो तो कोणत्याही अहवालात दाखवता येत नाही.

आता फजिती. प्रत्येक जागेचे येथे दोन प्रकारचे धनी असतात. बापाकडून हक्क आलेले ते 'किर्दा' आणि आईकडून आलेले ते 'कुर्दुंगुर्लू'. पहिल्याची जमीन असते, पण त्याने तिच्याशी नीट वागावे याची राखण दुसरा करतो. मामाच्या गावावर भाच्याचा धाक, असे म्हण. तुमच्या घरी भाच्याला पाया पडू देत नाहीत, ते मला येथे पहिल्यांदा नीट कळले. गेल्या वर्षी जूनमध्ये (येथला हिवाळा) वारा, दव आणि गवताचा सुकेपणा सगळे जुळलेले पाहून मी एका किर्दा आजोबांना आणि चार रेंजरांना घेऊन दोन तास गाडी हाकत गेलो. तेल ठिबकणाऱ्या मशाली भरून तयार होत्या. आजोबा झाडाखाली बसले, त्यांनी चहा केला, पुन्हा चहा केला, वाऱ्याकडे पाहिले, आणि दुपारी म्हणाले, "आज बोचरे वाटते." संध्याकाळी आम्ही परत आलो, एक काडीही पेटली नव्हती. त्यांनी नाही म्हटले नव्हते, त्यामुळे मी हवामानालाच दोष देत बसलो. दोन दिवसांनी एका तरुण रेंजरने डिझेल भरता भरता सहज सांगितले की भाचा सोबत नव्हता, मग म्हातारा आग लावणार कशी? भाचा सुमारे दीडशे किलोमीटरवर निरपीला होता. त्याला घेऊन पुन्हा गेलो, त्याने पायाने वाळूत एक रेघ ओढली, "येथून तिकडे नको" म्हणाला, आणि तासाभरात काम झाले. त्या रेघेपलीकडे काय आहे हे मी विचारले नाही. कोणी सांगितलेही नाही.

ही आग लावायची कशाला, असे तुझ्या मनात येईल, कारण आपल्याकडे वणवा म्हणजे पाप. पूर्वी माणसे पायी हिंडत आणि हिवाळ्यात जागोजागी छोटे-छोटे तुकडे जाळत जात. त्यामुळे कोठे कोवळे, कोठे मध्यम, कोठे जुने गवत अशी गोधडी तयार होई. माणसे ठाण्यांवर आणून बसवल्यावर गोधडीचा एकच सलग गवताचा पट्टा झाला. चांगला पाऊस झाला की गवत माजते आणि पुढच्या उन्हाळ्यात एका विजेने शेकडो किलोमीटर साफ होते; २०११ मध्ये मध्य ऑस्ट्रेलियात तसेच झाले. जाळलेल्या तुकड्यावर पावसानंतर 'याकाजिरी' उगवते. ते आपल्या वांग्याच्या कुळातले, मनुक्यासारखे फळ. माणसेही खातात आणि प्राणीही.

त्या तुकड्यांच्या कडेला 'वारार्ना' नावाचा मोठा सरडा राहतो. तो दुर्मीळ आहे आणि कुटुंबाने राहतो. आईबाप आणि पोरे मिळून अनेक तोंडांचे बीळ वर्षानुवर्षे वाढवतात, आणि गंमत म्हणजे सगळे घर बाहेर एकाच जागी शौचाला जाते. एका नाकामारा बाईंनी (अर्थात माझ्याकडे पाठ करून, भाचीशी बोलत) काडीने ती लेंड्यांची रास उलगडून दाखवली. मोठ्या आणि बारीक लेंड्या वेगळ्या केल्या, म्हणजे यंदा पिल्ले आहेत. शेजारच्या वाळूवर मांजराचा माग होता; त्या तो पाहून गप्प झाल्या आणि त्या दिशेने चालू लागल्या. नोंदींच्या टॅबलेटवर मी जे चिन्ह दाबले ते 'बीळ, चालू' एवढेच.

माझे खरे भांडण त्या टॅबलेटशी नाही, हेक्टरांशी आहे. पैसे देणाऱ्यांना किती हेक्टर जळाले ते हवे असते. हेलिकॉप्टरमधून पेटते गोळे टाकले तर तो आकडा एका सकाळी फुगतो, आणि दूरच्या भागात त्याची गरजही असते. पण भाच्याला आणण्यात गेलेले तीन दिवस आणि त्याने वाळूत ओढलेली ती रेघ यांना त्या तक्त्यात रकाना नाही. मी शेरा या रकान्यात लांबलचक लिहितो. ते कोणी वाचत असेल असे वाटत नाही.

मे महिन्यात काम पूर्ण थांबले. गावात मृत्यू झाला की सगळे सुतकात जातात, आणि मृताचे नाव उच्चारत नाहीत. त्याच नावाच्या जिवंत माणसालाही मग 'कुमुंजायी' म्हणायचे. आमच्या हजेरीपटावर त्यामुळे एक नाव खोडून कुमुंजायी लिहिले आहे.

एक गोष्ट खास तुझ्यासाठी. येथले सर्वांत त्रासदायक तण म्हणजे बफेल गवत. ते तापट जळते आणि जळून लगेच पुन्हा फुटते. ते पहिल्यांदा उपटले तेव्हा तुरा ओळखीचा वाटला : आपले अंजन गवत! तुझ्या वडिलांनी बांधावर लावलेले. उंटवाल्यांच्या खोगिरांच्या भरावातून ते प्रथम आले असे येथे सांगतात, आणि पुढे चाऱ्यासाठी मुद्दाम पेरले. उंटही १८६० मध्ये कराचीहूनच आले होते; आता मोकाट झालेले त्यांचे कळप खडकातली पाण्याची टाकी घाण करून टाकतात. मी हे बायकांना सांगितले की गवत, उंट आणि मी, तिघेही एकाच बाजूचे. खूप हसल्या. मग त्यांतल्या एकीने विचारले, "तुमच्याकडे ते खाते कोण?" मी म्हटले, गाई. ती म्हणाली, "मग घेऊन जा."

तेव्हा बांधावरच्या अंजनाचा, त्यात गाय चरताना दिसेल असा, एक फोटो पाठव. त्यांना पाहायचा आहे. वहिनींना नमस्कार, आणि काकांची तब्येत कळव.

तुझा,
अविनाश