कोल्हापुरातल्या उद्यमनगरच्या मामांना, व्हॅक्यूमबद्दल

मामा, नमस्कार.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचाल असं वाटत नाही. मोबाइल तुम्ही बोलण्यापुरताच वापरता, तेव्हा पोरगा वाचून दाखवेल. सगळ्यांसमोर लिहितोय ते मुद्दाम. पुट्टी, पीओपी, गिलाव्याची दुरुस्ती करणारी आमच्यातली बरीच पोरं सध्या धूळ ओढायचं व्हॅक्यूम मशीन घ्यायच्या विचारात आहेत. कुणी विचारलं की मी तुमचंच बोलणं माझं म्हणून खपवतो. ते एकदा तुमच्या खात्यावर जमा झालेलं बरं.

मी तुमच्या मशीन दुरुस्तीच्या दुकानात आलो तो एकच प्रश्न घेऊन: १४०० वॅटचं घेऊ की १६०० वॅटचं? तुम्ही मान वर न करता म्हणालात, "वॅट म्हंजे मशीन खातंय किती. वढतंय किती, ते दुसरीकडं लिवलेलं असतंय." मग हवेचा प्रवाह लिटरमध्ये आणि ओढ मिलिबारमध्ये कुठं छापलेली असते ते दाखवलंत. वॅटचा आकडा तुमच्या मते फक्त प्लगसाठी बघायचा. ६ अँपिअरचा पॉइंट २३० व्होल्टवर १३८० वॅटपर्यंतच धरायचा, म्हणजे १६०० वॅटचं मशीन १६ अँपिअरच्या पॉइंटवरच. मशीनच्या अंगावरच्या सॉकेटला सँडर, म्हणजे पुट्टी घासायचं यंत्र, लावला तर दोघांची बेरीज. पेठेतल्या जुन्या घरात असा पॉइंट शोधणं हेच निम्मं काम असतं, ही माझी भर.

पण माझं डोकं खरं फिरलं ते त्या मेलेल्या घरगुती व्हॅक्यूमनं. कुणीतरी त्यानं साइटवरचं सिमेंट ओढलं होतं. तुम्ही फिल्टर बाहेर काढून टेबलावर आपटलात तर धूळ पडली नाही, टक् असा आवाज आला. घड्यांच्या मधे सिमेंट दमटपणा पिऊन दगड झालेलं. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं खरवडलंत तर कागदासकट निघालं. मग मोटर उघडलीत. वायंडिंगवर पांढरा थर आणि बेअरिंग हातानं फिरवलं की करकर. घरगुती मशीनमध्ये ओढलेली हवाच मोटरवरनं जाते आणि तिला थंड करते, त्यामुळं फिल्टरमधनं निसटलेली पूड थेट तांब्यावर बसते. साइटच्या चांगल्या मशीनला मोटरच्या गारव्याची हवा वेगळ्या वाटेनं येते. हे कुठल्याही दुकानदारानं मला सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी तुमच्याकडं एक वापरलेलं मशीन विकायला ठेवलेलं होतं आणि माझ्या खिशात पैसे होते. तरी ते मला दिलं नाहीत. "ह्यो एल हाय, तुला एम पायजे," एवढंच म्हणालात. एल, एम, एच हे धुळीचे वर्ग मला तेव्हा कळले. एल वर्गात शंभरातला एक भाग धूळ मागनं बाहेर पडली तरी चालते, एम वर्गात हजारातला एकच, आणि एचमध्ये लाखातले पाच. एम वर्गाच्या मशीनला आणखी एक गुण: पाइपमधल्या हवेचा वेग सेकंदाला २० मीटरच्या खाली गेला की ते इशारा देतं. बॅग भरली, पाइप तुंबला, पोरगं तरी घासतच राहिलंय, तर मशीन स्वतः ओरडतं. बिगारी ओरडण्यापेक्षा ते बरं.

विटा, वाळू, काँक्रीट यांत सिलिका असते हे तुम्ही फौंड्रीत मेंटेनन्सला असल्यापासून ओळखता. शिरोलीतल्या तुमच्या जुन्या सोबत्यांच्या छातीबद्दल फार बोलला नाहीत, पण विषय तिथं आल्यावर तुमचा आवाज बदलला. सिलिकोसिस, म्हणजे त्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार, कायद्याच्या यादीतला रोग आहे, आणि सिलिकाची बारीक धूळ कॅन्सर करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं १९९७ सालीच जाहीर केलंय. फौंड्रीत निदान कायदा तरी आहे. वायरिंगसाठी भिंतीत झिऱ्या मारणाऱ्या आमच्या पोरांच्या तोंडावर रुमाल असतो. म्हणून व्हॅक्यूम आलं तरी एन-९५ मास्क काढायचा नाही, हे तुम्ही दोनदा बजावलंत. जुने सिमेंटचे पत्रे कापायचे असतील तर "ह्या मशीनच्या नादाला लागू नगं" असंही म्हणालात, कारण त्यात ॲस्बेस्टॉस असतो.

तुमची बादलीची युक्ती मात्र सगळ्यांना आवडली. रंगाची २० लिटरची रिकामी बादली घ्यायची, तिच्या झाकणावर सायक्लोन बसवायचा आणि ती सँडर आणि मशीनच्या मधे जोडायची. फौंड्रीच्या मागं उभा असतो तोच सायक्लोन, फक्त धाकटा. हवा गरगर फिरते, जड पूड बादलीत पडते आणि फिल्टरपर्यंत फार थोडी पोचते. मशीनमधली फ्लीसची, म्हणजे कापडासारखी, धुळीची बॅग आता कितीतरी जास्त टिकते. एक अडचण तुम्ही आधीच सांगितली होती: पाइप मधेच बुजला तर ओढीनं बादली पोटात जाते. गेली. दुसरी जाड बघून आणली.

राजारामपुरीतल्या ज्या फ्लॅटसाठी हा खटाटोप होता, तिथल्या आजींना दमा आहे. अख्ख्या हॉलची पुट्टी घासली आणि आजी पलीकडच्या खोलीत टीव्ही बघत बसल्या होत्या. संध्याकाळी सूनबाईंनी काळ्या टीपॉयवर बोट फिरवून बघितलं. थोडी धूळ होती, नव्हती असं नाही. पण पूर्वी आम्ही घर सोडताना लोक ज्या नजरेनं बघायचे, तसं काही झालं नाही.

अजून एक. फिल्टर कंप्रेसरनं फुंकायचा नाही म्हणालात ते पाळतोय. अर्थिंग नसलेल्या एक्स्टेन्शनवर अँटिस्टॅटिक (अंगावर वीज साठू न देणाऱ्या) पाइपचा उपयोग नाही म्हणालात, तेही पाळतोय. नवीन तीन पिनांची केबल घेतली.

एवढं सगळं करून तुम्ही चहाचे पैसेसुद्धा स्वतःच दिलेत. तुमच्या दुकानाच्या मागच्या भिंतीचा गिलावा खालनं सुटलाय, ओल धरलीय. तो ठोकून काढतो आणि नवा करून देतो, पैशाचं नाव काढायचं नाही. सुट्टीच्या वारी जमेल का, तेवढं पोराला मेसेज टाकायला सांगा. मशीन आणि बादली घेऊनच येतो.

आपला,
मंगळवार पेठेतला पुट्टीवाला